हिशेबाचे कागद जपले जातात, पंप कोण जपणार?

युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पात भाग घेतला की शेवटचा हप्ता मिळाल्यानंतरही पाच वर्षे सगळी कागदपत्रे सांभाळावी लागतात. त्यातली पहिली दोन वर्षे ब्रुसेल्सचे लेखापरीक्षक केव्हाही येऊ शकतात. प्रत्यक्ष खर्चावर आधारलेले अनुदान असेल तर कोणता कर्मचारी कोणत्या महिन्यात किती दिवस प्रकल्पाच्या कामावर होता, विमानाचे तिकीट नेमक्या कोणत्या बैठकीसाठी काढले, हे दाखवावे लागते. दाखवता आले नाही तर पैसे परत. हा काटेकोरपणा योग्यच आहे, कारण पैसा लोकांचा आहे. पण त्याच प्रकल्पात नगरपालिकेच्या जागेवर उभारलेले सांडपाण्याचे संयंत्र, खांबांवर बसवलेले सेन्सर किंवा वस्तीला उष्णता पुरवणारी यंत्रणा प्रकल्प संपल्यावर चालू राहिलीच पाहिजे, असे बंधन करारात नसते. संशोधनाच्या निष्पत्तीचा वापर व्हावा म्हणून पुढची चार वर्षे शक्य ते सर्व प्रयत्न करावेत, असे एक कलम जरूर आहे. व्यवहारात हे प्रयत्न म्हणजे बहुतेक वेळा एक प्रश्नावली भरणे आणि एका पोर्टलवर नोंद करणे. पंप बंद पडला म्हणून ते कलम मोडत नाही.

विद्यापीठे आणि सार्वजनिक संस्था यांना एकत्र आणणाऱ्या या योजनांचे खरे दुखणे इथे आहे. महापालिका, पाणीपुरवठा मंडळ किंवा सरकारी रुग्णालय या प्रकल्पांत कागदोपत्री भागीदार असते, प्रत्यक्षात ते जागा आणि परवानगी देणारे असते. दोष प्राध्यापकांच्या तोऱ्याला देण्याचा मोह होतो (तो तोरा थोडाफार असतोही), पण तसा दोष दिला की मूळ कारण निसटते. मूळ कारण पैशाच्या नियमांत आहे. पैसे कोणत्या कामाला, कोणत्या दराने आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळतात, यावरून भागीदाराचे वजन ठरते. भारत या योजनांच्या अधिक जवळ जाण्याची बोलणी करत असताना हे नियम समजून घेणे मराठी वाचकालाही गरजेचे आहे. यातले काही प्रयोग नागपूर-पुण्यात होऊन गेले आहेत आणि पुढचेही होतील.

युरोपची अशी पहिली संशोधन चौकट, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी संशोधनाला पैसे देणारी योजना, १९८४ साली सुरू झाली. सध्याची ‘होरायझन युरोप’ २०२१ ते २०२७ या काळाची असून तिचा मूळ आकार सुमारे ९५.५ अब्ज युरो होता. २०२८ ते २०३४ च्या पुढच्या चौकटीसाठी युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव ठेवला आहे. सहयोगी प्रकल्पासाठी किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकींपासून स्वतंत्र अशा तीन संस्था लागतात. हे सगळे देश संघाचे सदस्य किंवा संलग्न (वर्गणी भरून योजनेत सामील झालेले) असावे लागतात आणि किमान एक संस्था सदस्य देशातली असावी लागते. प्रत्यक्षात दहा ते तीस संस्थांचा जथा असतो. प्रस्तावाच्या मुख्य भागाला साधारण चाळीस-पंचेचाळीस पानांची मर्यादा असते. वैज्ञानिक दर्जा, परिणाम आणि अंमलबजावणी या तीन निकषांवर प्रत्येकी पाच गुण दिले जातात. प्रत्येकात किमान तीन आणि एकूण किमान दहा मिळाल्याशिवाय प्रस्ताव यादीतही येत नाही. यादीत आला तरी पैसे मिळतीलच असे नाही. आधीच्या ‘होरायझन २०२०’ मध्ये साधारण आठ प्रस्तावांपैकी एकालाच यश मिळे.

इतक्या चुरशीत महापालिकेची आठवण होते ती दुसऱ्या निकषामुळे. ‘परिणाम’ या मथळ्याखाली गुण मिळवायचे तर हे तंत्र खऱ्या शहरात, खऱ्या वस्तीत वापरले जाणार आहे हे परीक्षकांना पटवावे लागते. त्यासाठी शहराचे नाव हवे, महापौरांच्या सहीचे पत्र हवे. विद्यापीठातल्या प्रकल्प-लेखन विभागाला हे चांगले ठाऊक असते. त्यामुळे विज्ञानाचा भाग लिहून झाल्यावर, मुदतीला सहा-आठ आठवडे उरलेले असताना शहराला फोन जातो. तोवर कामाची पॅकेजे (प्रकल्पाच्या कामाचे वाटून घेतलेले भाग) ठरलेली असतात, पैशांची वाटणी बहुतेक झालेली असते आणि कोणते यंत्र कुठे बसवायचे याचे रेखाटनही तयार असते. लग्नपत्रिकेवर नाव छापायचे, पण बैठकीला बोलवायचे नाही, असा हा मान.

शहराच्या वाट्याला काय येते ते पाहू. समजा चार वर्षांच्या प्रकल्पात महापालिकेला १२ पर्सन-मंथ, म्हणजे एका माणसाचे बारा महिन्यांचे काम, दिले. म्हणजे चार वर्षे एका माणसाचा चौथा हिस्सा. एका अभियंत्याचा वार्षिक खर्च ६४,५०० युरो धरला, तर युरोपच्या नियमाप्रमाणे त्याला २१५ दिवसांनी भागायचे आणि दिवसाचा दर येतो ३०० युरो. त्यावर २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च सरसकट मिळतो. कागदावर ही रक्कम ठीक आहे. पण हा अभियंता आधीपासून कायम नोकरीत आहे. त्याच्या पगाराची भरपाई महापालिकेच्या तिजोरीत जमा होते, त्याच्या विभागाकडे येत नाही. बदली माणूस मिळत नाही, रोजचे काम कमी होत नाही आणि वर तिमाही बैठका, अठरा महिन्यांनी येणारा अहवाल आणि डेटा व्यवस्थापनाचा आराखडा येऊन पडतो. विद्यापीठात याच्या नेमके उलटे घडते. तिथे त्याच पैशातून नवा संशोधक नेमला जातो आणि प्रकल्प हेच त्याचे पूर्णवेळ काम असते. पुढे महापालिकेकडून माहिती वेळेवर येत नाही अशी तक्रार ऐकू आली तर तिचे मूळ बऱ्याचदा या हिशेबात सापडते.

खरी गुंतागुंत यंत्रसामग्रीत आहे. विद्यापीठांच्या लोकांना ती सहसा दिसत नाही, म्हणून जरा खोलात जायला हवे.

प्रत्यक्ष खर्चाच्या अनुदानात यंत्राची पूर्ण किंमत साधारणपणे मिळत नाही, फक्त प्रकल्पकाळातला घसारा, म्हणजे तेवढ्या काळात वापरामुळे घटलेली किंमत, मिळते. समजा सहा लाख युरोंचे संयंत्र आहे आणि त्याचे आयुष्य दहा वर्षे धरले आहे. म्हणजे दरमहा ५,००० युरो घसारा. प्रकल्प ४८ महिन्यांचा. संयंत्र बाराव्या महिन्याच्या शेवटी सुरू झाले तर उरलेल्या ३६ महिन्यांचे १,८०,००० युरो मान्य होतात. तेच तिसाव्या महिन्याच्या शेवटी सुरू झाले तर १८ महिन्यांचे ९०,०००. यंत्र तेच, किंमत तीच, पण दीड वर्षाच्या उशिराने अनुदान निम्मे झाले. प्रस्ताव मागवणाऱ्या काही घोषणांत पूर्ण किंमत मान्य करण्याची सोय असते, पण ती त्या घोषणेत स्पष्ट लिहिलेली असावी लागते. प्रस्ताव लिहिताना हे कोणी तपासले नसेल तर उरलेली रक्कम शहराच्या गळ्यात पडते.

आणि उशीर होणे जवळजवळ ठरलेले असते. महापालिकेला थेट खरेदी करता येत नाही. २०२४-२५ साली युरोपातल्या स्थानिक संस्थांसाठी वस्तू आणि सेवांची मर्यादा २,२१,००० युरो होती. त्यापुढची खरेदी संघभर जाहीर होणाऱ्या निविदेनेच करावी लागे. खुल्या निविदेला किमान ३०-३५ दिवस द्यावे लागतात, निवड जाहीर केल्यावर करारापूर्वी किमान दहा दिवस थांबावे लागते आणि हरलेल्या कंपनीने आव्हान दिले तर पुढचे महिने कोर्टाचे. त्याआधी तांत्रिक तपशील लिहायला, वित्त विभागाची मान्यता घ्यायला आणि नगरसभेत ठराव करायला तीन-चार महिने जातात. प्रस्तावात मात्र ‘सहाव्या महिन्यात यंत्र बसेल’ असे लिहिलेले असते, कारण लिहिणाऱ्याच्या प्रयोगशाळेत खरेदी सहा आठवड्यांत होते.

याहून चमत्कारिक पेच आणखी एक आहे. ज्या कंपनीने नवे तंत्र विकसित केले ती स्वतःच प्रकल्पात भागीदार असते. महापालिकेने तिच्याकडूनच यंत्र घ्यायचे म्हटले तर खुल्या स्पर्धेचा नियम मोडतो. शिवाय एका लाभार्थ्याने दुसऱ्याकडून खरेदी करणे युरोपच्या अनुदान-नियमांनाही सहसा मान्य नाही. निविदा काढली तर दुसऱ्याच कंपनीचे यंत्र येऊ शकते आणि ज्या तंत्रासाठी प्रकल्प मिळाला तेच बाजूला राहते. यावर नेहमीची पळवाट अशी की कंपनी यंत्र स्वतःच्या मालकीचे ठेवते आणि महापालिकेच्या जागेवर उभे करते. चार वर्षे सगळे सुरळीत. पुढे? यंत्र कंपनीच्या हिशेबवहीत, जमीन महापालिकेची, वीजजोडणी कधी एकाच्या तर कधी दुसऱ्याच्या नावावर, आणि चालवायला नेमलेला तंत्रज्ञ विद्यापीठाच्या कंत्राटावर, ते कंत्राट प्रकल्पाबरोबर संपलेले. हस्तांतराचा करार कोणी केलेला नसतो, कारण तो कोणत्याही कामाच्या पॅकेजमध्ये लिहिलेला नव्हता. यंत्र बंद पडायला कोणाची वाईट इच्छा लागत नाही. सही कोणी करायची हे ठरलेले नसणे पुरेसे होते.

युरोपला हा पेच माहीत नाही असे मुळीच नाही. अजून बाजारात नसलेली वस्तू सार्वजनिक खरेदीदारांनी एकत्र येऊन टप्प्याटप्प्याने विकसित करून घ्यायची, अशी खास योजना त्यांच्याकडे आहे. तिथे अनुदान १०० टक्के मिळते. तयार नवे तंत्र पहिल्यांदा विकत घेण्यासाठीही वेगळी योजना आहे, तिथे ५० टक्के. या दोन्हींत खरेदीदार संस्था मध्यभागी असते, गरज ती सांगते आणि कंपन्या स्पर्धेत उतरतात. रचना म्हणून हा मार्ग कितीतरी सरळ आहे. पण विद्यापीठांना त्यात शोधनिबंध आणि पीएचडीच्या जागा कमी मिळतात, म्हणून या योजनांचे गोडवे गाणारे प्राध्यापक विरळाच.

अलीकडे लम्पसम, म्हणजे ठोक रकमेच्या अनुदानाचा बोलबाला आहे. २०१८ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली ही पद्धत आता झपाट्याने पसरते आहे. हजेरीपत्रके नाहीत, खर्चाची लेखापरीक्षा नाही. कामाचे पॅकेज पूर्ण झाले की ठरलेली रक्कम मिळते. घसाऱ्याचा वर सांगितलेला फटका यात टळतो, कारण रक्कम आधीच बांधलेली असते. पण दुसरी गोष्ट बिघडते. शहराची निविदा रखडली आणि पॅकेज अपूर्ण राहिले तर त्या टप्प्यात त्या पॅकेजमधल्या सगळ्यांचेच पैसे अडकतात, विद्यापीठाचेही. मग प्रस्ताव लिहिणारे शहाणे होतात. ‘संयंत्र उभारून दोन वर्षे चालवणे’ याऐवजी ‘संयंत्राचा आराखडा आणि शिफारसी’ असे लिहितात. आराखडा नेहमी वेळेवर पूर्ण होतो. धोका टाळायचा तर सार्वजनिक भागीदाराचे काम जितके कागदी तितके बरे, असा हिशेब या पद्धतीने नकळत शिकवला आहे आणि याबद्दल अजून पुरेशी ओरड होत नाही.

प्रत्यक्ष शहरांकडे वळू. ‘होरायझन २०२०’ मध्ये दीपस्तंभ शहरांचे प्रकल्प होते. दोन-तीन शहरे प्रत्यक्ष प्रयोग करणार आणि मागून येणारी काही शहरे ते उचलणार, अशी कल्पना. त्यातल्या स्मार्टएनसिटी प्रकल्पात स्पेनचे व्हितोरिया-गास्तेइझ, एस्टोनियाचे तार्तू आणि डेन्मार्कचे सोंडरबोर्ग ही शहरे होती. व्हितोरियाच्या कोरोनासिओन वस्तीत इमारतींना उष्णतारोधक आवरण घालून त्या लाकूडफाट्यावर चालणाऱ्या सामायिक तापव्यवस्थेला जोडायच्या होत्या. लक्ष्य साडेसातशे घरांचे होते, प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी घरे आली. प्रत्येक इमारतीतल्या घरमालकांच्या सभेची संमती लागत होती आणि माणसे आपल्या घराचा खर्च व आपल्या घराची ऊब कोणा सामायिक यंत्रणेच्या हवाली करायला सहज तयार होत नाहीत. आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव आणून पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. ही संमती मिळवायला लागणारा काळ आणि माणसे मुळात अपुरी धरली होती.

तार्तूने हेच काम सोव्हिएत काळातल्या इमारतींवर केले. तिथेही रहिवासी संघांची मते घ्यावी लागली, तिथेही बांधकामाचे दर वाढले. तरी १८ इमारती पूर्ण झाल्या आणि त्यांच्या भिंतींवर मोठी चित्रेही आली. फरक असा की शहर स्वतः पुढे होते, प्रादेशिक ऊर्जा संस्था सोबत होती आणि तार्तू विद्यापीठाकडे रहिवाशांशी बोलण्याचे, त्यांच्या सवयी समजून घेण्याचे काम होते. तंत्राचा मोठेपणा सांगण्यासाठी विद्यापीठ तिथे नव्हते. विद्यापीठाने शहराला हवे ते काम केले, शहराने विद्यापीठाला हवा तो भूखंड दिला असे झाले नाही.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने (एनटीएनयू) २०१८ ते २०२३ या काळात +सिटीएक्सचेंज हा सुमारे दोन कोटी युरोंचा प्रकल्प चालवला; आयर्लंडचे लिमरिक शहर दुसरे. इमारतींनी आपापसांत वीज विकायची तर आधी वीज नियमांत वाट काढावी लागणार होती, म्हणून नियामकाशी बोलणी हा प्रकल्पाचाच भाग होता. महत्त्वाचे म्हणजे, या प्रकल्पापुरतीच विद्यापीठ आणि नगरपालिका यांची ओळख नव्हती. दोघांनी त्याच सुमारास ‘विद्यापीठ-नगरपालिका’ नावाचा दीर्घ मुदतीचा वेगळा करार केला. एक प्रकल्प संपला तरी संबंध संपत नाही, अशी ती व्यवस्था. युरोपचा पैसा तिथे आधीच असलेल्या नात्यावर आला. बहुतेक ठिकाणी उलट असते, पैसा आल्यावर नाते जुळवायचे.

युरोपच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे लक्झेंबर्गच्या युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्सने, २०२३ च्या चोविसाव्या विशेष अहवालात या दीपस्तंभ प्रकल्पांची तपासणी केली. दिसण्याजोगी कामे झाली, पण ती इतरत्र पसरण्यात अडथळे आले, हा त्या अहवालाचा गाभा. मागून येणाऱ्या शहरांच्या हाती मुख्यतः अनुकरणाचे आराखडे आले, ते अमलात आणायचे पैसे त्यांनी स्वतः शोधायचे होते.

आता आपल्याकडचे पाहू. भारत आणि युरोपीय संघ यांचा विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्य करार २००१ चा. ब्राझील, चीन यांच्याप्रमाणेच भारतीय संस्थांना होरायझनच्या सहयोगी प्रकल्पांत आपोआप पैसे मिळत नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंनी पैसे घालून संयुक्त घोषणा काढल्या जातात. आधीच्या सातव्या चौकटीत नॅवाटेक हा प्रकल्प झाला. भारताकडून नागपूरची ‘नीरी’ ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, युरोपकडून ब्रेमरहाफेनची संशोधन संस्था, आणि प्रयोगाच्या जागा नागपूरचे दयानंद पार्क व पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वसतिगृह अशा. कमी विजेवर, वनस्पती आणि खडीच्या थरांतून सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरायचे, ही कल्पना. २०१८ मध्ये पाण्यावरच आणखी मोठी संयुक्त घोषणा झाली. युरोपने पैसे दिले, भारत सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी आपला वाटा घातला आणि त्यातून सात प्रकल्प उभे राहिले. पवित्र गंगा प्रकल्पात दिल्लीचा बारापुल्ला नाला आणि कानपूरचे जाजमऊ ही ठिकाणे होती, सरस्वती २.० मध्ये व्हिएन्नाचे कृषी विद्यापीठ आणि आयआयटी रुरकी.

नॅवाटेकने देखभाल आणि सुरक्षा यांवर वेगळे मार्गदर्शक साहित्य तयार केले होते, ही त्याची जमेची बाजू. अशा कृत्रिम पाणथळीला तंत्राच्या दृष्टीने अवघड काही नसते आणि नेमके तिथेच फसायला होते. सुरुवातीच्या जाळीत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या अडकतात. ती जवळजवळ रोज साफ करावी लागते, नाहीतर पाणी वरून वाहते. गाळटाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर तो खडीत शिरतो आणि एकदा खडीचा थर तुंबला की तो उकरून, धुऊन पुन्हा भरण्याखेरीज उपाय नसतो. कर्दळ किंवा पाणकणीस वर्षातून निदान एकदा कापावे लागते. उन्हाळ्यात पंप दोन-तीन आठवडे बंद राहिला तर झाडे जळतात. यातले एकही काम पीएचडीचे नाही. त्याला एक माळी, एक सफाई कामगार आणि वीजबिल भरणारे लेखाशीर्ष लागते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात लेखाशीर्ष नसेल तर कनिष्ठ अभियंत्याची कितीही इच्छा असली तरी तो पंपाचे बेअरिंग बदलून घेऊ शकत नाही.

भारतीय बाजूला आणखी दोन गाठी आहेत. पहिली तारखांची. युरोपीय भागीदाराचा करार ब्रुसेल्सशी, भारतीय भागीदाराची मंजुरी दिल्लीतून. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या तारखा. युरोपचे घड्याळ त्यांच्या कराराने सुरू होते, आपल्याकडे पहिला हप्ता येईपर्यंत माणूस नेमता येत नाही. मग खरेदी ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे. दरवर्षी उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. तिकडचा शास्त्रज्ञ मोजणीची उपकरणे घेऊन तयार असतो आणि इकडे संयंत्राचा पाया खणलेला नसतो, हे अशा रचनेत घडणारच. दुसरी गाठ पैसे घेणाऱ्याची. दिल्लीचा पैसा विज्ञान विभागाचा, तो सहसा संशोधन संस्थेकडे जातो. महापालिका सामंजस्य करारावर सही करते, जागा देते आणि ‘सहकार्य करेल’ असे लिहून देते. त्या सहीमागे आयुक्त असतो. त्याचा तिथला मुक्काम प्रकल्पाहून लहान असण्याची शक्यताच अधिक. पुणे-मुंबईसह राज्यातल्या अनेक महापालिका २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकांकडे होत्या. त्या काळात केलेल्या सामंजस्य करारांना सभागृहाचा ठराव नव्हता, आणि नव्या नगरसेवकाने ‘हे आमच्या उद्यानात काय उभे केले आहे’ असे विचारले तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

यावर शास्त्रज्ञांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. संशोधन म्हणजे फसण्याचा हक्क. प्रत्येक प्रायोगिक संयंत्र पुढे वीस वर्षे चालवायचे असेल तर कोणी नवे काही करून पाहणारच नाही. मान्य. पण प्रयोग फसणे आणि प्रयोग बेवारस होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसलेला प्रयोग उचलून नेला पाहिजे, जागा पूर्ववत केली पाहिजे, का फसला ते लिहिले पाहिजे. संयंत्र उतरवण्याचा खर्च किती प्रस्तावांत धरलेला असतो? तो धरायला आजही फारशी आडकाठी नाही; मात्र ते काम प्रकल्पाच्या मुदतीत करावे लागते आणि शेवटच्या सहा महिन्यांत सगळे अहवाल लिहिण्यात गुंतलेले असतात. दुसरा आक्षेप असा की नगरपालिका संथ असतात, त्यांना जास्त अधिकार दिले तर काहीच होणार नाही. संथ असतात हे खरे. पण त्यांचा संथपणा बराचसा कायद्याने सांगितलेला आहे. निविदा, ठराव, हरकती ही लोकशाहीतली कामे आहेत. ती वेळापत्रकात न धरणारा प्रस्ताव वेगवान नसतो, अर्धवट असतो.

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. प्रकल्पाच्या महासभेत एका संस्थेला एक मत असते आणि बहुसंख्य प्रकल्प ज्या नमुना करारावर चालतात त्यात आपले काम, खर्च किंवा दायित्व यांवर गंभीर परिणाम होत असेल तर नकाराधिकारही मिळतो. म्हणजे अधिकार कागदावर आहेत. नाही ते वापरायला लागणारे मनुष्यबळ आणि वेळ. सार्वजनिक जागेवर काही उभे राहणार असेल तर त्या कामाच्या पॅकेजचे नेतृत्व सार्वजनिक भागीदाराकडे असावे आणि त्याला निदान एक पूर्णवेळ, नव्याने नेमलेला माणूस मिळावा. अनुदान-करारावर सही होण्यापूर्वी मालकी, वीज, देखभाल आणि उतरवणे यांचे जोडपत्र तयार असावे. निकाल कळवायला पाच महिने आणि त्यानंतर करारासाठी तीन महिने, असा अवधी युरोपच्या नियमांतच आहे. त्या तीन महिन्यांत हे जोडपत्र होऊ शकते. अंतरिम हप्त्यांपर्यंत अनुदानाच्या ९० टक्क्यांहून अधिक रक्कम दिली जात नाही. उरलेल्या शेवटच्या हप्त्याचा काही भाग अंतिम अहवालाऐवजी हस्तांतराच्या कागदाशी बांधावा. आणि जे यंत्र सार्वजनिक संस्थेच्या मालकीचे होणार आहे त्याची पूर्ण किंमत सरसकट मान्य करावी. त्याने काही प्रकल्प कमी होतील. होऊ देत.

सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने भारताविषयी जो नवा धोरण-आराखडा मांडला त्यात होरायझन युरोपशी भारताच्या संलग्नतेची शक्यता चाचपून पाहण्याचा उल्लेख आहे. त्याआधी मे महिन्यात सागरी प्लॅस्टिक आणि कचऱ्यापासून हायड्रोजन या विषयांवर सुमारे ३९१ कोटी रुपयांच्या संयुक्त घोषणा निघाल्या. संलग्न झालो तर आपण वर्गणी भरू आणि आपल्या संस्था थेट ब्रुसेल्सच्या नियमांखाली येतील. दोन तारखांची गाठ त्याने सुटेल. पैसे घेणाऱ्याची गाठ मात्र आपोआप सुटणार नाही, कारण अर्ज करायला आयआयटी आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा आधीच तयार बसल्या आहेत. महापालिका तयार नाहीत. युरोपातल्या प्रत्येक देशात राष्ट्रीय संपर्क कार्यालय असते, ते अर्जदारांना नियम फुकट समजावून सांगते. महाराष्ट्राने नगरविकास विभागात तसा तीन-चार माणसांचा कक्ष आत्ताच उघडायला हवा. त्याने घसाऱ्याचे गणित, निविदेचा काळ आणि जोडपत्राचा मसुदा महापालिकांच्या हातात द्यावा.

तोवर नागपूर, सोलापूर किंवा कोल्हापूरच्या महापालिकेकडे एखाद्या युरोपीय विद्यापीठाचे पत्र आले, तर निव्वळ आयुक्तांच्या सहीवर न भागवता सभागृहाचा ठराव करून घ्यावा. त्यात यंत्राची मालकी कोणत्या दिवशी बदलेल, वीजमीटर कोणाच्या नावावर असेल, देखभालीचे लेखाशीर्ष कोणते, आणि संयंत्र नको झाल्यास ते कोण आणि कोणाच्या खर्चाने उतरवेल, एवढे तरी लिहिलेले असावे. आणि हा ठराव मुदतीच्या आधी झालेला असावा. ब्रुसेल्सचे पोर्टल तिथल्या घड्याळाने ठीक पाच वाजता बंद होते, आपल्या सभेची तारीख पुढच्या महिन्यातली असली तरी.